पगार विचारलात, खोली विचारलीत का?

गेल्या रविवारी पार्किंगमध्ये गाडी पुसत होतो, तेवढ्यात बी विंगमधल्या वहिनींचा भाचा आला. आयटीआयला एसी-रेफ्रिजरेशन केलेला, तीन वर्षं पुण्यात नऱ्हे-आंबेगावात लोकांचे एसी दुरुस्त करत फिरलेला पोरगा. मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. "काका, दोह्याची ऑफर आलीये. १,४०० रियाल. गुणिले तेवीस केलं की बत्तीस हजार होतात. वर राहणं फुकट!"

मी फडकं खाली ठेवलं. हे 'गुणिले' मला पाठ आहे. मीही एके काळी तेच केलं होतं, फक्त तेव्हा दुबईचा दिरहम बारा रुपयांना मिळायचा.

धायरीत मला लोक अशी पत्रं दाखवायला येतात, कारण मी दुबई आणि दोहा मिळून अकरा वर्षं काढली. एमईपीमध्ये, म्हणजे इमारतीच्या पोटातली एसीची डक्टं आणि पाइपं. तिथे फार दिवे लावले असं नाही. पण आठ खोल्या बदलल्या. त्या आठ खोल्यांच्या जोरावर सांगतो की परदेशी नोकरीच्या पत्रात पगाराची ओळ सगळ्यात शेवटी वाचावी. आधी खोलीची ओळ वाचावी. आपली माणसं नेमकं उलटं करतात.

त्या पोराचं पत्र उघडून बघितलं. बेसिक १,०००, जेवणाचे ३००, आणि 'इतर' १००. राहणं कंपनीकडे. दोहा ज्या देशात आहे त्या कतारने मार्च २०२१ पासून सगळ्यांना लागू होणारं किमान वेतन ठरवलंय. बेसिक १,००० रियाल. कंपनी राहायला देत नसेल तर वर ५००, आणि जेवण देत नसेल तर आणखी ३००. म्हणजे राहणं देऊन, जेवण न देता, कायद्याने १,३०० द्यावेच लागतात. कंपनी देत होती १,४००. तीन वर्षांचा अनुभव, हातात ट्रेड, आणि त्याची किंमत १०० रियाल! आणि ज्या 'फुकट' खोलीवर पोरगा इतका खूश होता, ती उपकार म्हणून मिळत नव्हती. ती दिली नसती तर कंपनीला ५०० रियाल मोजावे लागले असते.

हे सांगितल्यावर त्याचा चेहरा पडला. मला वाईट वाटलं, पण मुंबईत एजंटकडे पैसे भरल्यावर पडण्यापेक्षा आमच्या पार्किंगमध्ये पडलेला बरा.

कंपनीची खोली म्हणजे नक्की काय, हे इथे बसून कळत नाही. दुबईत सोनापूर किंवा अल क्वोझ, दोह्यात इंडस्ट्रियल एरिया, इथले कामगारांचे कॅम्प. बंक बेड, खाली एक वर एक. फ्रिजमध्ये प्रत्येकाचा अर्धा कप्पा, त्यावर नावाची चिठ्ठी. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी इतकं तापतं की रात्रीच बादली भरून ठेवायची, सकाळी अंघोळीपुरती निवते. साइटची बस पहाटे साडेचारला, म्हणून साडेतीनला बाथरूमसमोर रांग. ढेकणांबद्दल काही लिहीत नाही, वाचणारे जेवत असतील. आणि कॅम्प बॉस नावाचा एक इसम. हॉस्टेलच्या रेक्टरपेक्षा त्याला अधिकार जास्त.

तरी एवढ्यावर माझी तक्रार नाही. वय चोविशीचं असेल, घरी पैसे पाठवायचे असतील, तर कॅम्प स्वस्तच पडतो. माझी तक्रार किल्लीबद्दल आहे.

२००९ च्या सुरुवातीला दुबईतल्या क्रेन एकामागून एक थांबल्या. आमचाही प्रोजेक्ट थांबला. सकाळी अकराला पत्र मिळालं, संध्याकाळी कॅम्प बॉस दारात. शुक्रवारपर्यंत बेड रिकामा हवा! व्हिसा रद्द झाल्यावर देशात राहायला तेव्हा ३० दिवस मिळायचे, ते कायद्याने दिलेले. पण ते तीस दिवस राहायचं कुठे, हे कायद्यात नव्हतं. तीन आठवडे मी दुबईच्या करामा भागात एका केरळी माणसाच्या हॉलमध्ये, पडद्यामागच्या बेडस्पेसवर, म्हणजे नुसत्या भाड्याच्या पलंगावर काढले. रोज सीव्ही घेऊन बाहेर पडायचं. पुण्यात नोकरी गेली तर माणूस निदान स्वतःच्या गादीवर पडून छताकडे बघतो. तिथे नोकरी आणि छप्पर एकाच सहीने जातं. तेव्हापासून माझा पहिला प्रश्न हाच असतो, की नोकरी संपल्यावर खोली किती दिवस? पत्रात लिहिलंय का? 'तसं काही होत नाही हो' असं एजंट म्हणाला, तर उठून यावं.

खोलीत दाटी किती, जिना मोकळा आहे का, हेही विचारायचं असतं. १२ जून २०२४ ला पहाटे कुवेतमध्ये मंगाफला कामगारांच्या इमारतीला आग लागली. झोपेतली माणसं धुरात कोंडली. दोन दिवसांनी ४५ भारतीयांचे मृतदेह घेऊन हवाई दलाचं विमान कोचीला उतरलं. त्यांच्याही पत्रात राहण्याची सोय कंपनीची असंच काहीतरी लिहिलेलं असणार. त्या आठवड्यात आमच्या जुन्या रूममेट लोकांच्या ग्रुपवर कुणीच काही लिहिलं नाही. एकाने फक्त आमच्या अल क्वोझच्या खोलीचा जुना फोटो टाकला. खिडकीला आतून पुठ्ठा लावलेला, एसीची हवा बाहेर जाऊ नये म्हणून.

आता इंजिनिअर मंडळींकडे वळतो, कारण त्यांना वाटतं हे सगळं कॅम्पवाल्यांचं दुखणं. तुमच्या पत्रात 'हाऊसिंग अलाऊन्स' असतो ना? समजा दुबईत एकूण ६,००० दिरहम. त्यात बेसिक २,४००, बाकी घरभाडं, प्रवास आणि इतर. हातात ६,०००च येतात, मग काय फरक पडतो? पडतो. तिथली ग्रॅच्युइटी बेसिकवर मोजतात. पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षी २१ दिवसांचं बेसिक. २,४०० बेसिकवर पाच वर्षांचे ८,४०० दिरहम होतात, आणि तेच बेसिक ३,६०० असतं तर १२,६००. फरक आजच्या भावाने लाखभर रुपयांचा, तोही एकूण पगार एक दिरहमने न वाढवता. एचआरला हे माहीत असतं. आपल्याला परतताना कळतं.

दुसरी गंमत अशी की अलाऊन्स महिन्याच्या महिन्याला येतो, आणि दुबईचा घरमालक भाडं मागतो वर्षाचं, पुढच्या तारखांच्या चेकने. बहुधा एक, दोन किंवा चार चेक. शिवाय डिपॉझिट, एजंटचं कमिशन, कराराच्या नोंदणीची इजारी. पहिल्या महिन्यात बायको-मुलांना घेऊन जाणाऱ्याकडे एवढे पैसे येणार कुठून? मग क्रेडिट कार्ड, नाहीतर शेजारच्या शारजात स्वस्त घर आणि रोज दोन-दोन तास अल इत्तिहाद रोडवर. हिंजवडीच्या सिग्नलला वैतागून गेलेला माणूस तिथे दुसऱ्या सिग्नलला बसतो. बऱ्याच कंपन्या मागितलं तर तीन महिन्यांचा घरभत्ता आगाऊ देतात. पण मागावं लागतं, आणि सही करण्याआधी.

जर्मनीचं गणित आणखी वेगळं. माझ्या मावसबहिणीची मुलगी म्युनिकला गेली. वर्षाचे ५२,००० युरो ऐकून आमच्याकडे पेढे वाटले. करकपात होऊन महिन्याला हातात साधारण २,७०० ते २,८००. घरभाडं भत्ता वगैरे प्रकारच नाही. कंपनीने एक महिन्याचं सर्व्हिस अपार्टमेंट दिलं, पुढचं तिचं तिने बघायचं. तिथे भाडं दोन तऱ्हेचं सांगतात, 'थंड' आणि 'उबदार'. थंड म्हणजे नुसत्या भिंती, उबदार म्हणजे हीटिंग-पाणी धरून. पोरीने थंड भाडं बघून हिशेब मांडला होता. डिपॉझिट तीन महिन्यांच्या थंड भाड्यापर्यंत घेता येतं. आणि घरात स्वयंपाकघर म्हणून एक रिकामी खोली, भिंतीतून नळाचा पाइप बाहेर आलेला. ओटा नाही, सिंक नाही. बोट क्लब रोडच्या मॅक्स म्युलर भवनात जर्मन भाषा बी-टू पातळीपर्यंत शिकली, पण हे काही तिला माहीत नव्हतं. पत्त्याची नोंद झाल्याशिवाय कर क्रमांक येईना, आणि तो येईपर्यंत कंपनीने कर सगळ्यात चढ्या वर्गाने कापला. पुढे परत मिळतो, पण पहिल्या पगाराला डोळ्यांत पाणी येतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने बाडेन-व्युर्टेम्बर्गशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, १०,००० तरुणांचा आकडा पेपरात झळकला. भाषा शिकवायची चर्चा भरपूर झाली. घराबद्दल कुणी बोललेलं माझ्या तरी वाचनात आलं नाही.

आता जरा उलट बाजू बघा. चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत जर्मन, कोरियन, जपानी साहेब येतात. कोरेगाव पार्क, कल्याणीनगरला फ्लॅट, करार कंपनीच्या नावावर, डिपॉझिट कंपनीचं, दारात ड्रायव्हर, मुलांच्या शाळेची फी वेगळी. माझा एक मित्र त्या भागात ब्रोकर आहे. तो म्हणतो, "जपानी साहेबाचं घर आधी येतं, साहेब नंतर." आधी कंपनीची माणसं तीन घरं बघून जातात, नळ सोडून बघतात, जनरेटर किती मिनिटांत चालू होतो ते विचारतात. शिवाय आपल्या सरकारचा नियम असा, की परदेशी माणसाला इथे नोकरीचा व्हिसा हवा तर मोजके अपवाद सोडता पगार वर्षाला किमान १६.२५ लाख रुपये हवा.

मला त्यांचा हेवा वाटत नाही, खरंच नाही. घर सोडून दुसऱ्या देशात आलेल्या माणसाला एवढं मिळायलाच हवं. मला राग येतो तो आपल्या लाजण्याचा. मंडईत कोथिंबिरीच्या जुडीसाठी दहा मिनिटं घासाघीस करणारी आपण माणसं, पण परदेशी ऑफर आली की 'उगाच विचारलं आणि रद्द झाली तर?' म्हणून मान खाली घालून सही करतो. खोलीचा फोटो मागितला म्हणून ऑफर रद्द झालेला माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही.

तर तो पोरगा. एजंट त्याच्याकडे ९० हजार मागत होता. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं. ते सांगितल्यावर पोराने तिथेच फोन लावला. पलीकडचा आवाज आधी चढला, मग उतरला, मग 'साहेबांशी बोलून सांगतो' वर आला. दरम्यान आम्ही सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर एजंटचा परवाना शोधला. परवाना आहे, चालू आहे. निदान एवढं तरी खरं निघालं.

मग दोघांनी मिळून कंपनीला मेल लिहिला. बेसिक १,४०० करा, जेवणाचे ३०० वेगळे. खोलीत किती जण ते लिहून द्या. नोकरी संपल्यावर विमानात बसेपर्यंत खोली राहील हेही लिहा. आणि खोलीचा फोटो पाठवा. इंग्रजी माझं, स्पेलिंग त्याची.

काल उत्तर आलं. बेसिक १,२००, जेवण ३००, खोलीत चार जण. खोली कधीपर्यंत, यावर चकार शब्द नाही. सोबत फोटो आहे. पांढरी चादर, दोन उशा, खिडकीतून समुद्र! वहिनी हरखून म्हणाल्या, "बघा, किती छान आहे." पोरगा माझ्याकडे बघून हसला. फोटोत एकच पलंग होता.

त्याने आता व्हिडिओ मागितलाय, दारापासून बाथरूमपर्यंत. मेडिकल गुरुवारी आहे.