पाऊस किती नको, कवा पडला ते इचार

परवा ऑफिसात जेवताना एक मित्र म्हणाला, "गेल्या साली तर मराठवाड्यात धो धो पडला की रे. मग अजून रडगाणं कशाचं?" मी भाकरी मोडत गप्प बसलो. पुण्यात पाऊस म्हणजे खडकवासल्यातून किती क्युसेक सोडलं एवढंच, त्याचा काय दोष? पण उत्तर डोक्यात घोळत राहिलं, म्हणून लिहितोय. लांबलंय, आधीच सांगतो.

आमचं रान मराठवाड्यातच, लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात. सहा एकर, त्यातलं चार काळं, दोन मुरमाड. २०२३ चंच घ्या. मृग कोरडा गेला. तिकडं अरबी समुद्रात बिपरजॉय वादळ, इकडं मान्सून रखडलेला. पेरणीला जुलै उजाडला. जुलैत मात्र पाऊस झकास झाला. कोळपणी उरकली, सोयाबीननं रान झाकलं, आबा फोनवर खुशीत. सोयाबीन पेरल्यापासून पस्तीस-चाळीस दिवसांत फुलोऱ्यात येतं. हिशेब करा, आमचा फुलोरा आला ऑगस्टच्या मध्यावर. आणि तो ऑगस्ट देशातला १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट निघाला, सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी. आश्लेषा गेली, मघा गेली. "पडल्या तर मघा, नाहीतर वरती बघा" म्हणतात. आम्ही वरतीच बघत होतो.

फुलोऱ्यात ताण बसला की झाड आधी स्वतःचा जीव वाचवतं, फुलं गाळतं. ज्या शेंगा धरतात त्या भरत नाहीत. चिमटीत धरली की चपटी लागते, आमच्याकडं तिला पापडी म्हणतात. मुरमाड रानात आठ-दहा दिवसांतच पानं दुपारची माना टाकायला लागली. काळ्या रानानं जास्त दम धरला, पण पुढं त्यालाही पाय जाईल एवढ्या भेगा पडल्या. विहिरीनं तळ गाठलेला. बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याकडं शेततळं होतं, त्यानं तुषारनं दोनदा भिजवलं. तेच बियाणं, तोच पाऊस, आणि त्याला एकरी सहा क्विंटल झालं. आम्हाला काळ्यात चार, मुरमाडात दीड.

गंमत म्हणजे सप्टेंबरात पाऊस परत आला आणि रान हिरवंगार झालं. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटावं, पीक काय भारी आहे! गळालेलं फूल कुठं परत येतं?

कमी पिकलं की भाव चढतो, हे सोयाबीनला सांगून उपयोग नाही. त्याचा भाव ब्राझीलच्या पिकावर आणि बाहेरून येणाऱ्या तेलावर ठरतो. त्या वर्षी हमीभाव क्विंटलला ४,६०० रुपये होता आणि दर त्याच्याच आसपास घुटमळत राहिला.

मग दुष्काळ जाहीर झाला. आधी राज्यातले ४० तालुके, मग ओरड झाल्यावर हजारावर महसुली मंडळं, म्हणजे तालुक्याखालचे काही गावांचे गट. या मंडळांचा निकष काय, तर जून ते सप्टेंबरचा पाऊस सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी आणि एकूण ७५० मिलिमीटरच्या आत. आमच्या मंडळाची बेरीज जुलै आणि सप्टेंबरच्या जोरावर ७८ टक्क्यांवर गेली. संपलं. मी आबांना हे समजावून सांगत होतो, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "किती पडला हे इचारू नको, कवा पडला ते इचार म्हणावं."

२०१६ च्या दुष्काळ संहितेत तीन-चार आठवड्यांच्या खंडाचा विचार आहे, हे मान्य. पण शेवटी बातमीत, भाषणात आणि आमच्या डोक्यातही टक्केवारीच उरते. माझं म्हणणं साधं आहे: मंडळाच्या टक्क्यांशेजारी 'फुलोऱ्यात कोरडे दिवस' असा एक रकाना छापा. भांडायला निदान कागद तरी मिळेल.

आता गेल्या सालचा, २०२५ चा 'धो धो'. तो सप्टेंबरात आला, शेंगा वाळायच्या बेतात असताना. उभ्या झाडावर शेंगांना कोंब फुटले. टक्केवारी मात्र झकास! ही दोन उलटी दुखणी एकाच आजाराची आहेत. हवा एक अंशानं तापली की तिची बाष्प धरायची ताकद सुमारे सात टक्क्यांनी वाढते. पाऊस नसतो तेव्हा हीच हवा रानातली ओल शोषून घेते, आणि असतो तेव्हा एका रात्रीत सगळं ओतते. पुण्याच्याच आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिलं की मध्य भारतात मोठ्या टापूवर होणारी अतिवृष्टी १९५० पासून तिपटीनं वाढली आहे. मित्रा, ते ऑफिस आपल्या ऑफिसपासून फार लांब नाही.

नुसत्या उन्हानंही पिकाचा उतारा मार खातो, पाणी असलं तरी. मार्च २०२२ च्या उन्हानं पंजाब-हरियाणात, कालव्याच्या पाण्यावरचा गहू दाणा भरतानाच पिकवून टाकला, आणि मे महिन्यात सरकारनं निर्यात बंद केली. पुढच्या वर्षी फेब्रुवारी तसाच तापला. आईनं खाण्यापुरता लावलेला गहू जिऱ्यागत निघाला. चाळणीतून अर्धा खाली.

आमचंही चुकलंच. आजोबा ज्वारीत तूर घालायचे, कडेला मूग-उडीद. एक गेलं तर दुसरं हाती लागायचं. आम्ही बांधापासून बांधापर्यंत सोयाबीन केलं, कारण नगदी पैसा शंभर दिवसांत हातात येतो. आता सहाही एकरांचं नशीब त्याच दोन आठवड्यांना बांधलेलं. यावर आबा आणि मी दरवर्षी भांडतो. गेल्या महिन्यात मात्र त्यांनीच विषय काढला: येत्या रब्बीला दोन एकर मालदांडी ज्वारी, आणि सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी. कडबा तरी होईल, म्हणाले.

औसा-निलंगा भागात कुणाकडं मालदांडीचं घरचं, निवडलेलं बी असलं तर कमेंटमध्ये सांगा. दहा किलो लागेल. पिशवीतलं नकोय.