कोकमाच्या गोळ्यांनी चरबी वितळते? खुलासा

कोल्हापुरातल्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: कोकमातल्या आम्लाने वजन उतरतं, 'उंदरांवर सिद्ध झालंय', रंकाळ्याला फेऱ्या मारायची गरज नाही.

उंदरांचा भाग खरा आहे. कोकमात हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल असतं. साखरेपासून चरबी बनवणारं एक विकर (एन्झाइम) ते अडवतं, आणि १९७०च्या दशकातच प्रयोगशाळेतल्या उंदरांमध्ये हे दिसलं होतं. पण उंदराचं यकृत पिष्टमय अन्नापासून भरपूर चरबी बनवतं. आपल्या अंगावरची चरबी मुख्यतः खाल्लेल्या तेला-तुपातूनच साठते. मग अडवायला उरतं काय?

१९९८मध्ये अमेरिकेत १३५ जाड व्यक्तींवर १२ आठवडे चाचणी झाली. कोकमाच्याच कुळातल्या गार्सिनियाचा अर्क घेणाऱ्यांचं वजन सरासरी ३.२ किलो उतरलं, औषध नसलेली नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांचं ४.१! दोघांनाही आहार कमीच दिला होता. हा फरकही संख्याशास्त्राच्या दृष्टीने नगण्य. म्हणजे काम केलं ते आहाराने.

गार्सिनियाच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत, म्हणून काळजी वाटते. घाटाखालून येणारी आमसुलं आमटीत खुशाल घाला, सोलकढी प्या. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. मधुमेहाची औषधं चालू असणाऱ्यांनी तर मुळीच नाही.