लंढौरला जाताना घ्यावयाची दक्षता

मसुरीच्या डोक्यावर लंढौर नावाचे एक चिमुकले गाव आहे. आपल्याकडच्या लांडोरीशी त्याचा काही संबंध नाही. वेल्समधल्या एका खेड्यावरून ते नाव पडले, असे सांगतात. 1827 साली आजारी गोऱ्या सैनिकांना विश्रांती मिळावी म्हणून इंग्रजांनी हे ठाणे वसवले. आपण धडधाकट असल्यामुळे शांततेची आपल्याला गरज नाही, हे आधीच ध्यानात घ्यावे आणि जोडून सुट्टी आलेला शनिवार निवडून, सात जणांची मोठी गाडी घेऊनच वर चढावे. बाजारातून मुलिंगारच्या अंगाने जाणारा रस्ता इतका अरुंद आणि उभा आहे की समोरून दुसरी गाडी आल्यास कोणा एकाला मागे सरावेच लागते. तो एक आपण होऊ नये. आम्ही झालो नव्हतो. पाऊण तास हॉर्न वाजवला आणि देवदारांनी तो निमूटपणे ऐकून घेतला.

छावणीचा भाग असल्याने येथे नव्या बांधकामावर कडक निर्बंध आहेत आणि त्यामुळेच ही झाडे टिकली आहेत. याबद्दल हळहळ व्यक्त करावी आणि 'पार्किंगची काही सोयच नाही हो' असे प्रत्येक दुकानदाराला ऐकवावे. चार दुकान या ठिकाणी बन-ऑम्लेट आणि आल्याचा चहा मिळतो, म्हणून तेथे पोहे मागावेत. ते नाहीत असे कळल्यावर त्यांच्याच बाकावर घरून आणलेल्या चिवड्याचा डबा उघडावा, आणि पिशवीतून कांदा निघाला तर तो चिरायला सुरीही त्यांच्याकडूनच मागून घ्यावी.

खरी कसोटी सिस्टर्स बाजारात लागते. तेथे एका जुन्या दुकानात जॅम, चीज आणि पीनट बटर मिळते. पीनट बटरची ही परंपरा अमेरिकन मिशनऱ्यांच्या काळापासूनची आहे. बाटली हातात घ्यावी, उन्हात धरून वर तरंगणारे तेल पाहावे, झाकण थोडे फिरवून पाहावे आणि शेजारच्या गिऱ्हाइकालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणावे, "म्हणजे आपले दाण्याचे कूटच की!" मग किंमत विचारावी, दोन घेतल्यास काय कमी होईल तेही विचारावे आणि बाटली चुकीच्या फळीवर ठेवून बाहेर पडावे. हाताने विणलेल्या शालीच्या बाबतीत विणणाऱ्या बाईंसमोरच मोबाइल काढून तसलीच शाल ऑनलाइन शोधावी. सापडली नाही तर नेटवर्कला दोष द्यावा. फोटो मात्र शालीसह, बाईंसह आणि फुकट काढावा.

या डोंगरावर नव्वदी ओलांडलेले एक नामवंत लेखक राहतात. त्यांचे एकही पुस्तक वाचलेले नसले तरी दुपारच्या झोपेच्या वेळेला त्यांच्या दारावर थाप मारायला हरकत नाही; दार उघडले नाही तर लेखक माणूसघाणे असतात, असा निष्कर्ष काढून उताराला लागावे.

पुण्याला परतल्यावर शेजारी विचारतील, "काय आणलंत?" अशा वेळी कोपऱ्यावरच्या मॉलमधून परदेशी पीनट बटरची बाटली छापील किमतीला घेऊन यावी. तेथे घासाघीस करण्याची पद्धत नाही.