पुरावा कुणी द्यायचा?

काल कट्ट्यावर नाना आणि बापूची चांगलीच जुंपली, फायरमनला कर्करोग झाला तर पैसे कुणी भरायचे यावरून. नानांचं आयुष्य हिशेबखात्यात गेलं, त्यामुळे पैशाचं त्यांनी काही म्हटलं की ऐकावंच लागतं.

"अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यानं २०१९ मध्ये कायदा केला. फायरमनला यादीतल्या २१ कर्करोगांपैकी एखादा झाला की एकरकमी २५,००० डॉलर, वर उपचारात त्याच्या खिशातून गेलेले पैसेही परत. कायदा राज्याचा, बिल शहराचं! छोट्या शहरात एकाच वर्षी दोघं आजारी पडले तर भरायचं कुठून?"

बापू उसळला. "नाना, कर्करोग वीस वर्षांनी उगवतो. तोवर शेकडो आगी विझवून झालेल्या. कुठल्या आगीतला धूर भोवला, हे त्यानं सिद्ध करायचं कसं? म्हणून तर कित्येक राज्यांतला कायदा आधीच धरून चालतो, की रोग कामामुळेच झाला. नसेल पटत तर मालकानं पुरावा द्यावा. कॅलिफोर्नियात हे १९८२ पासून आहे. आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं आग विझवण्याचं कामच तंबाखू आणि ॲस्बेस्टॉसच्या गटात टाकलं, म्हणजे ज्यांनी कर्करोग होतो हे सिद्ध झालंय त्या गटात."

"म्हणजे जन्मभर सिगारेटी ओढलेलाही पैसे घेणार?"

"नाही घेणार. आधीची पाच वर्षं तंबाखू नको आणि सलग पाच वर्षं नोकरी हवी, अशी अट फ्लोरिडात आहेच."

मला नानांचं एक पटतं. राज्यानं हक्क द्यायचा आणि छोट्या शहराला एकट्यानं भरायला लावायचं, हे बरोबर नाही. पण हा खर्च कायद्यानं निर्माण केला, हे मी मानणार नाही. तो आधीही होताच. फक्त तो त्या माणसाच्या घरातून जायचा, कधी घर विकून.

आगीतून परतलेल्या फायरमनची मान बघा. हेल्मेट आणि कोटाच्या मध्ये कापडी टोपडं असतं. काजळी त्यातूनही आत शिरते आणि घामानं ओल्या, पातळ कातडीवर बसते. काळाकुट्ट कोट म्हणजे मर्दुमकी, असं कित्येक वर्षं समजलं जायचं. तो तसाच गाडीत, तसाच ठाण्यात. आता शहाणी दलं आगीच्या जागीच कोटावर पाणी मारतात, पिशवीत बांधून वेगळा नेतात. त्यासाठी अंगावर चढवायला दुसरा जोड लागतो, आणि नेमकी तीच मागणी बजेटमधून आधी उडते. नाना, ही कात्री शहरानं स्वतःच्या हातानं चालवलेली असते!

आप्पा इतका वेळ गप्प होते. म्हणाले, "आणि ॲम्ब्युलन्सवरची पोरं? सुई टोचली तर निदान तारीख तरी लिहून ठेवता येते. पण मन कोणत्या फेरीत मोडलं, हे कुठल्या वहीत लिहायचं?"

याला कुणाकडेच पटकन उत्तर नव्हतं.

मग नाना म्हणाले, "राज्यानं निम्मा वाटा उचलू दे, माझी हरकत नाही."

"आणि उचलेपर्यंत त्याची केमो थांबवायची?"

"थांबवा असं कधी म्हणालो मी? आधी त्याला द्या, मग राज्याशी भांडा. पण भांडा, बापू. दरवेळी ते राहूनच जातं."