सोनौलीला दर वेळी तेच!

गोरखपुरात ‘थेट पोखरा’ म्हणून पैसे घ्यायचे आणि नव्वदेक किलोमीटरवर नेपाळच्या सीमेवर, सोनौलीला सामानासकट उतरवून मोकळं व्हायचं! पुढची बस भैरहवाहून, म्हणजे सीमेपलीकडे आणखी चारेक किलोमीटर. तिथवर कसं जायचं, ते तुमचं तुम्ही बघा. यंदा आईला मुक्तिनाथला नेत होतो. गुडघ्याला पट्टा, नाकाला पदर, ट्रकांच्या रांगेतून धुळीत ती एकेक पाऊल टाकत होती. जीव तुटला माझा. स्वतःची गाडी न्यावी तर भन्सारची, म्हणजे नेपाळी कस्टमची, वेगळी रांग. त्यात नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा 15 मिनिटं पुढे. बस डोळ्यांदेखत गेली. अरे, दोन्हीकडच्या बसच्या वेळा जुळवायला कुणाच्या बापाचं काय जातं? म्हाताऱ्या माणसांनी किती ताटकळायचं?