तबकडीवरचं कुत्रं

घरात कुत्रं येण्याआधी कुत्र्यांविषयीचं माझं सगळं ज्ञान तबकड्यांवरून आलेलं होतं. वडिलांकडे एचएमव्हीच्या चाळीसेक तबकड्या होत्या आणि प्रत्येकीच्या मधल्या गोलात ते पांढरं कुत्रं मान तिरकी करून भोंग्यासमोर बसलेलं. लहानपणी मला वाटायचं, कुत्रं असंच असतं. बसतं. ऐकतं. गरगर फिरवलं तरी तक्रार करत नाही.

म्हणून मुलीने मोबाइलवर जॅक रसेल टेरियरच्या पिल्लाचा फोटो दाखवला तेव्हा मी "अगं, हे तर आपलं तबकडीवरचं!" म्हणालो आणि तिथेच हरलो. उंची फूटभर, वजन पाच-सहा किलो. कोथरूडच्या दोन खोल्यांच्या हिशेबात बसणारं कुत्रं. मुलीला लवकरच बंगळूरला नोकरी लागायची होती, हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. निदान मला तरी.

पिल्लाच्या उजव्या डोळ्यावर तपकिरी ठिपका होता म्हणून आईने नाव ठेवलं, टिकली. आईच्या मनात कपाळावरची टिकली होती. दोन दिवसांत कळलं, ही दिवाळीतली, पिस्तुलात घालायची.

टिकली चालत नाही. ती एका जागेवरून नाहीशी होते आणि दुसऱ्या जागी फुटते. सहा महिन्यांची असताना तिने सोफा, सोफ्यावरून टीपॉय, टीपॉयवरून स्टूल असा मार्ग काढत ओटा गाठला. आई तव्यावरून टम्म फुगलेली पोळी उतरवत होती. ती पोळी टिकलीने वाफेसकट नेली. आईच्या हातात उलथनं राहिलं. "मेलीचं तोंड भाजलं असेल गं," एवढंच आई म्हणाली. माझ्या लहानपणी मी न विचारता पोळी उचलली की त्याच उलथन्याचा वेगळा उपयोग व्हायचा, हे आपलं जाता जाता सांगितलं.

शेवटी डॉक्टरकडे नेली. त्यांनी तिच्या पुढच्या पायांमागून छातीला दोन्ही हातांचा वेढा घातला, बोटं जुळली तसे खूश झाले. मला वाटलं, लाड करतायत.

"माप बरोबर आहे," ते म्हणाले. "छाती अशी दोन हातांत मावली पाहिजे. कोल्ह्याच्या बिळात जायची जात आहे ही."

"पण आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो."

"ते तुम्हाला माहीत आहे, तिला नाही."

मग त्यांनी मला त्या रसेलसाहेबांची गोष्ट सांगितली. इंग्लंडातल्या डेव्हनचे हे पाद्री, शिकारीचं भारी वेड. १८१९ साली ऑक्सफर्डला शिकत असताना त्यांनी एका दूधवाल्याकडून एक पांढरी टेरियर कुत्री विकत घेतली. तिचं नाव ट्रम्प. (हो, तेच. मी दोनदा विचारून खात्री केली.) पुढचा सगळा गोतावळा तिच्यापासूनचा. पांढरा रंग अशासाठी, की धांदलीत शिकारी कुत्र्यांनी तिलाच कोल्हा समजून धरू नये. आणि तिचं काम कोल्ह्याला मारायचं नव्हतंच. बिळात शिरायचं, त्याच्या तोंडासमोर उभं राहून भुंक भुंक भुंकायचं आणि वैतागून त्याला बाहेर पडायला लावायचं. म्हणजे आम्ही ज्याला त्रास म्हणत होतो ती तिची नोकरी होती, आणि ती सुट्टी न घेता करत होती. घरातून वैतागून बाहेर पडणारा कोल्हा तेवढा मी होतो.

पाद्रीबुवांचा जन्म १७९५चा, मृत्यू १८८३चा. म्हणजे ही कुत्री पाळूनही माणूस सत्त्याऐंशी वर्षं जगतो. डॉक्टरांच्या एकूण बोलण्यातला तेवढाच भाग मला दिलासा देऊन गेला. कारण निघताना ते म्हणाले, "हिला रोज दमवा."

तेव्हापासून पहाटे साडेपाचला वेताळ टेकडी. तासभर चढउतार करून घरी आलं की मी जमिनीवर आडवा आणि टिकली तोंडात चेंडू घेऊन माझ्या छातीवर उभी, कारण तिच्या मते आता सुरुवात करायला हरकत नव्हती. चार महिन्यांत माझं वजन चार किलो उतरलं, तिचं दोनशे ग्रॅम वाढलं. अंगावरचे आखूड पांढरे केस दिसायला मऊ, पण पँटच्या कापडात टाचणीसारखे उभे रुततात. झटकून निघत नाहीत, एकेक उपटावा लागतो. ऑफिसातल्या मीटिंगमध्ये मी खाली मान घालून तेच करत असतो. साहेबांना वाटतं, मी विचार करतोय.

टेरियर हा शब्द म्हणे 'टेरा' म्हणजे जमिनीवरून आला. खरी भूमिकन्या! बाल्कनीतल्या सहाही कुंड्यांमध्ये तिने आपल्या मुळांचा शोध घेतला. झाडांच्या मुळांचाही घेतला. तुळशीभोवती आम्ही कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी बसवली आहे. आई आता दिवा लावायला जाते तेव्हा आधी दोन कड्या काढते.

जिन्याखालच्या फलकावर नोटीस लागली : 'पाळीव प्राण्यांनी सोसायटीच्या बागेत उकरू नये.' नोटीस थेट प्राण्यांनाच उद्देशून असल्यामुळे मी त्यात पडलो नाही.

मग जुलैतल्या एका संध्याकाळी, पाऊस नुकताच थांबलेला असताना, तिने माझ्या हातातून पट्टा हिसडला आणि जास्वंदीच्या आळ्यात घुसली. मागच्या पायांमधून चिखलाचा फवारा उडत होता. मिनिटाभरात जमिनीवर फक्त शेपूट उरलं आणि भुंकणं पायाखालून यायला लागलं. वॉचमन घाबरून दोन पावलं मागे सरला. जुने शिकारी म्हणे टेरियरला शेपटीला धरूनच ओढून काढत. माझा धीर झाला नाही. मी गुडघे टेकून तिचे मागचे पाय धरले, आणि नेमके त्याच वेळी चेअरमन मागे येऊन म्हणाले, "नोटीस वाचली नाही वाटतं?"

तेवढ्यात पलीकडच्या भोकातून घूस बाहेर पडली. चांगली वीतभराहून मोठी, शेपूट वेगळं. ती थेट चेअरमनांच्या चपलांवरून गेली. रिटायर्ड माणूस उभ्या जागेवरून स्कूटरच्या सीटवर चढू शकतो, हे मी त्या दिवशी पाहिलं. टिकली जमिनीखाली भुंकतच होती. दोनशे वर्षांपूर्वी ठरवून दिलेलं काम तिने चोख केलं होतं, बिचारीला कोणी सांगितलं नव्हतं.

नोटीस अजून तिथेच आहे. फक्त परवा लिफ्टमध्ये चेअरमन हळूच म्हणाले, "संध्याकाळी मोकळे आहात का? पंपाच्या खोलीमागेही एक बीळ आहे."

मागच्या रविवारी मात्र चमत्कार झाला. वडिलांचा रेकॉर्ड प्लेअर कधीचा बंद पडलाय, त्याचा लाकडी स्पीकर कोपऱ्यात आहे. टिकली त्याच्यासमोर जाऊन बसली. मान तिरकी, एक कान उभा. पाच मिनिटं, दहा मिनिटं. हूं नाही की चूं नाही. हुबेहूब तबकडीवरचं चित्र! मी बायकोला दबक्या आवाजात हाक मारली. फोटो काढून मुलीला पाठवला. "ऐकायला लागली!" असंही लिहिलं.

आईला कुठूनतरी माहीत होतं, की चित्रातलं ते निपर नावाचं कुत्रं मालक वारल्यावर त्याच्या चित्रकार भावाकडे राहायला आलं आणि त्या भावानेच पुढे हे चित्र काढलं. तिने डोळ्याला पदर लावला. "ह्यांचा आवाज येत असेल गं तिला," म्हणाली. आम्ही तिघं काही न बोलता उभे राहिलो.

आणि टर्रकन आवाज झाला. स्पीकरचं कापड फाटून टिकली खांद्यापर्यंत आत. खोक्यातून उंदीर निघाला, आईच्या पायांवरून स्वयंपाकघराकडे गेला, त्याच्यामागे टिकली, तिच्या गळ्यात स्पीकरच्या कापडाची चिंधी. ओट्यावरून काहीतरी पितळेचं पडल्याचा आवाज आला. त्याच वेळी मुलीचा मेसेज आला, "किती गुणाची आहे!"

रात्री मी वडिलांची एक तबकडी काढून बसलो. भिंग घेऊन त्या भोंग्याच्या आत बराच वेळ पाहिलं. अंधार आहे. काहीही असू शकतं.