रक्तगटाच्या तक्त्यावरून बाप ठरत नाही

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक क्लिप फिरली. एका विनोदी गुन्हेमालिकेतला तुकडा आहे. मेलेल्या सावकाराच्या इस्टेटीवर दोन बायका आपापल्या मुलासाठी हक्क सांगतात, इन्स्पेक्टर भिंतीवर रक्तगटांचा तक्ता टांगतो आणि दोन मिनिटांत खरा बाप जाहीर करतो. मालिकेत हे चालतं, माझी त्याला हरकत नाही. हरकत आहे ती क्लिपखाली कुणीतरी जोडलेल्या मजकुराला. ‘बाप खरा की खोटा, घरबसल्या ओळखा’ असा मथळा, खाली पाच खुणा आणि शेवटी ‘प्रत्येक नवऱ्यापर्यंत पोहोचवा’.

तो माझ्या भाचीच्या सासरी पोहोचला. भाची ए पॉझिटिव्ह, तिचा नवरा बी पॉझिटिव्ह आणि सव्वा महिन्याचं बाळ ओ निगेटिव्ह. सासूबाईंनी विचारलं, “ना आईचा गट, ना बापाचा, मग हा आला कुठून?” बाळंतिणीला हे विचारलं गेलं. मी रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे म्हणून तिला निदान मावशीला फोन तरी करता आला. जिच्या नात्यात असं कुणी नाही, तिनं काय करायचं?

मजकुरातली पहिली खूण हीच आहे: मुलाचा रक्तगट आई किंवा वडील यांच्यापैकी एकाशी जुळलाच पाहिजे. हे साफ खोटं आहे. प्रत्येकाकडे रक्तगटाच्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. ए किंवा बी सोबत असेल तर ओ दिसत नाही, पण असतो. ए गटाच्या आईकडे ए आणि ओ असू शकतात, बी गटाच्या वडिलांकडे बी आणि ओ. दोघांकडून ओ आला की मूल ओ. अशा जोडप्याला ए, बी, एबी, ओ यांतल्या कुठल्याही गटाचं मूल होऊ शकतं. पॉझिटिव्ह-निगेटिव्हचंही तसंच. दोघेही पॉझिटिव्ह असून दोघांकडे एकेक निगेटिव्ह प्रत लपलेली असेल, तर चारात एक शक्यता निगेटिव्ह मुलाची. माझ्या भाचीच्या बाळाच्या रक्तात काहीही चमत्कारिक नाही. हे बारावीच्या जीवशास्त्रात आहे, आणि क्लिप पुढे ढकलणाऱ्यांत दोन जण विज्ञान शाखेचे पदवीधर आहेत, याचा मला फार राग आला.

दुसरी खूण जरा वेगळी आहे, तिच्यात अर्धं सत्य आहे आणि ते मान्य करायला हवं. ‘आईबाप दोघेही ओ असतील तर मूल ओच होणार.’ सर्वसाधारणपणे हो. एबी गटाच्या माणसाला ओ गटाचं मूल सहसा होत नाही, हेही खरं. डीएनए चाचणी येण्याआधी न्यायालयांत याच आधारावर वाद लढले गेले. चार्ली चॅप्लिनवर १९४० च्या दशकात अमेरिकेत पितृत्वाचा दावा झाला तेव्हा तो ओ, आई ए आणि मूल बी असं निघालं, म्हणजे बाप तो नव्हे. तरी १९४५ मध्ये ज्युरीनं त्यालाच बाप ठरवलं, आणि पुढे कॅलिफोर्नियात अशा रक्तचाचण्यांना वजन देणारा कायदा आला. तर रक्तगट काही वेळा ‘हा नव्हे’ इतकं सांगू शकतो. ‘हाच’ असं तो कधीही सांगत नाही, कारण तोच गट असलेले लाखो पुरुष गावोगाव आहेत. क्लिपमधला इन्स्पेक्टर नेमकं तेच करतो, जुळणारा गट दाखवून बाप घोषित करतो.

आणि ‘हा नव्हे’ हेसुद्धा भिंतीवरच्या तक्त्यावरून म्हणता येत नाही. का, ते आपल्या मुंबईनंच जगाला दाखवलं. १९५२ मध्ये के.ई.एम. रुग्णालयात डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे रुग्ण आढळले, ज्यांचं रक्त तपासलं तर ओ वाटायचं, पण ओ गटाच्या दात्यांचं रक्तही त्यांना चालेना. ‘द लॅन्सेट’मध्ये त्यावर निबंध छापून आला आणि या गटाला नावच बॉम्बे ब्लड ग्रुप पडलं. ए आणि बी हे दोन्ही ज्या एच नावाच्या पायावर तयार होतात, तो पायाच या लोकांत नसतो. त्यामुळे जनुकांत ए किंवा बी असला तरी रक्तात दिसत नाही. स्लाइडवर ए ओळखणारं अँटी-ए टाका, बी ओळखणारं अँटी-बी टाका, गुठळी होत नाही, आणि रिपोर्टवर ‘ओ’ लिहिलं जातं. असा माणूस मुलाला मात्र ए किंवा बी देऊ शकतो. म्हणजे कागदावर आई ओ, वडील ओ, मूल बी, आणि तरी मूल दोघांचंच. भारतात साधारण १०,००० माणसांत असा एक सापडतो, युरोपात दहा लाखांत एक. ज्या प्रदेशाच्या राजधानीचं नाव या गटाला आहे, तिथेच ‘ओ-ओला बी झालं, समजून जा’ म्हणत मजकूर फिरावा, हे मला सहन होत नाही.

याशिवाय साध्या चुका आहेतच. नळीवरचं नाव बदलतं. शाळेतल्या शिबिरात घाईघाईनं दिलेलं कार्ड माणूस आयुष्यभर पाकिटात बाळगतो. नवजात बाळाच्या पेशींवर ए-बी अजून पुरते उमटलेले नसतात आणि त्याच्या सीरममध्ये, म्हणजे पेशी वेगळ्या काढल्यावर उरणाऱ्या रक्तद्रवात, स्वतःची प्रतिद्रव्यं नसतात, म्हणून सीरमकडून उलटी पडताळणी करता येत नाही. बाळाचा गट मोठेपणी पुन्हा तपासून घ्या, असं आम्ही सांगतो ते याचसाठी.

तिसरी खूण घाऱ्या डोळ्यांची, चौथी जीभ गोल वळवण्याची. यांवर जास्त शब्द घालवत नाही. डोळ्यांचा रंग अनेक जनुकं मिळून ठरवतात, काळ्या डोळ्यांच्या आईबापांच्या पोटी घारं मूल येतं, कोकणात कुठल्याही घरात विचारा. जिभेचा दावा १९५२ मध्येच निकालात निघाला: एकसारख्या जुळ्यांतल्या एकाला जीभ वळवता येते आणि दुसऱ्याला येत नाही, असं अभ्यासात दिसलं.

पाचवी खूण सर्वांत घातक. ‘मुलाचे गळलेले केस गुपचूप लॅबला पाठवा, रिपोर्ट कोर्टात दाखवा, पोटगी बंद.’ गळलेल्या केसाला बहुधा मूळ नसतं. नुसत्या दांड्यातून प्रामुख्यानं मायटोकाँड्रियाचा, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघरांचा, डीएनए मिळतो आणि तो आईकडून येतो, बापाबद्दल तो एक अक्षर सांगत नाही. आणि कायदा? १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम ११२, जे आता भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ११६ आहे, म्हणतं की वैध विवाह टिकून असताना जन्मलेलं मूल त्या नवऱ्याचंच धरायचं; त्या काळात दोघांचा संबंध येणंच शक्य नव्हतं हे सिद्ध केलं तरच वेगळं. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बजावलं की रक्तचाचणीचे आदेश सरसकट द्यायचे नाहीत आणि नमुना देण्याची सक्ती करता येत नाही. २०२३ मध्ये पुण्याच्या एका दाम्पत्याच्या खटल्यात त्याच न्यायालयानं बायकोचा व्यभिचार सिद्ध करण्यासाठी मुलाची डीएनए चाचणी करू दिली नाही, कारण मुलालाही खासगीपणाचा हक्क आहे.

सर्वोच्च न्यायालयाचाच २०१४ चा निकाल उलट गेला, हे मला माहीत आहे, कुणी तो तोंडावर फेकू नये. महाराष्ट्रातल्याच त्या पोटगीच्या खटल्यात डीएनए अहवालाला कायद्याच्या गृहीतकापेक्षा वरचं स्थान मिळालं. पण ती चाचणी न्यायालयाच्या आदेशानं, सरकारी प्रयोगशाळेत, दोनदा झाली होती. पाकिटात घालून पाठवलेले केस नव्हते ते. काँग्रेसचे नेते एन. डी. तिवारींच्या पितृत्वाच्या प्रकरणातही २००८ मध्ये दाखल झालेल्या दाव्यात डीएनएचा निष्कर्ष २०१२ मध्ये उघडला गेला. क्लिपमध्ये हे दोन मिनिटांत होतं.

मजकुराच्या तळाशी ‘दर तीन मुलांपैकी एक दुसऱ्याचं’ असा आकडाही आहे. हा तीस टक्क्यांचा आकडा आला कुठून? कर्मिट अँडरसन या मानववंशशास्त्रज्ञानं २००६ मध्ये अनेक देशांतले अभ्यास एकत्र केले. ज्यांना आधीच दाट संशय होता अशा पुरुषांमध्ये प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास निघालं, ज्यांना आपल्या पितृत्वाची खात्री होती त्यांच्यात दोन टक्क्यांच्या आत. म्हणजे पक्का संशय घेऊन चाचणीला आलेल्यांमध्येसुद्धा बहुतेक जण खरे बापच होते. तेवढा भाग मजकूर लिहिणाऱ्यानं गाळला.

ज्यांच्या घरी रिपोर्टवरून खरंच गोंधळ झाला असेल, त्यांनी रक्तपेढीत जावं. आई, वडील आणि मूल तिघांचे नमुने पुन्हा, पेशी आणि सीरम अशा दोन्ही बाजूंनी तपासून मागा. ओ आलेल्याची एच तपासणी करून घ्या, त्याला बॉम्बे ग्रुप असेल तर तिथेच कळतं, आणि ते कळणं त्याच्या जिवाच्या दृष्टीनंही गरजेचं आहे, कारण अपघातात त्याला साधं ओ रक्त दिलं तर तो दगावू शकतो. तोवर बाळंतिणीला काहीही विचारू नका.